परदेशची भागी व गांवची नोंद

वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा दूरदेशाशीं संबंध नवा नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचा भाव एकाएकीं चढला. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि तो भाव उतरला. ह्या सर्व उलाढालींत माल वऱ्हाडचा होता, परंतु वऱ्हाडच्या कुणब्याचें मत कोणी विचारलें नाहीं. ह्यास व्यापार म्हणावें, भागी म्हणूं नये. भागींत दोन्ही पक्ष आपापला वांटा घालतात, दोघेही हिशेब पाहतात व नफ्यातोट्याची बोली आगाऊ झालेली असते. बटईनें शेत देणारास अथवा करणारास हें शिकवावयास नको.

अलीकडे परदेशाशीं आपला जो संबंध आला, तो भागीचा आहे काय, हें पाहावयाचें आहे. रोम येथें कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय कृषि विकास निधीच्या कर्जसाहाय्यानें अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठीं २००९ सालीं एक प्रकल्प मंजूर झाला. त्यास लोक ‘केम’ म्हणत. त्यांत बायांच्या बचतगटांस विशेष स्थान होतें. पुढें २०१८ सालीं जागतिक बँकेनें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पास ४२ कोटी डॉलर कर्ज मंजूर केलें. खर्चाचा सुमारें शेंकडा ७० भाग बँकेचा व ३० राज्य सरकारचा, आणि गांवें सुमारें पांच हजार. त्याचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठीं मंजूर झाला आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. हा पैका दान नव्हे, कर्ज आहे, व तें राज्याच्या तिजोरींतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून फिटावयाचें आहे. दान वाया गेलें तर दात्याचें जातें. कर्ज वाया गेलें तर घेणाराचें जातें.

ह्या खर्चाचा हेतु संकट सोसून पुन्हां उभें राहण्याची ताकद गांवास यावी, हा आहे. नांदगांव खंडेश्वर तालुक्यांतील कापूस, सोयाबीन व तूर मुख्यतः पावसाच्या भरंवशावर आहेत. पेरणीनंतर पाऊस दडी मारतो आणि तोच पुढें एका दिवसांत शेत बुडवितो. दोन्ही संकटें एकाच हंगामांत येतात. रुंद सरी-वरंब्यावर पेरलेलें सोयाबीन अशा वेळीं तग धरतें. कारण वरंब्यांत ओल राहते आणि जादा पाणी सरींतून निघून जातें. परंतु युक्ती व अवजार मिळाल्यानें काम संपत नाहीं. प्रकल्पाची मुदत सरल्यावर गांवाच्या हातीं काय उरतें, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मतें तीन नोंदी उरल्या पाहिजेत.

पहिली जमिनीची. अनुदान सातबारा व आठ-अ पाहून मिळतें. महसुली कारकुनी करतांना मीं अशीं कितीएक प्रकरणें पाहिलीं कीं, तिघे भाऊ शेत वाहतात आणि कागदावर मयत आजोबाच खातेदार आहेत. विधवेची स्थिति त्याहून कठीण. कसते ती व नांव दिराचें. वारसफेरफार झाल्याशिवाय अशांस कोणत्याही देशाची मदत पोंचत नाहीं. शिवाय पहिल्या टप्प्यांत पुष्कळ कामांस दोन हेक्टरपर्यंतच्या धारकास शेंकडा ७५ अनुदान असलें, तरी तें काम होऊन तपासणी झाल्यावर खात्यांत जमा होई. ज्याच्यापाशीं आधीं खर्चावयास पैसे नाहींत, तो येथेंच अडतो. पूर्वसंमतीच्या पत्रावर बचतगटानें वा सोसायटीनें अल्प मुदतीची उचल दिल्यास गरीब शेतकरी सावकाराकडे जाणार नाहीं.

दुसरी नोंद पाण्याची. मुंबईच्या आय. आय. टी.च्या साहाय्यानें गांवोगांव पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत ह्या प्रकल्पांत आली. तिचें गणित सोपें आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरीं दहा हजार लिटर. आठशें मिलिमीटर पडला तर ऐशी लाख. त्यांतून वाहून किती गेलें, जमिनींत किती मुरलें व पिकांस किती लागेल, हें मांडलें कीं रब्बींत काय पेरावें तें कळतें. गव्हास पांच-सहा पाळ्या लागतात, हरभरा दोन पाळ्यांत येतो. ज्या विहिरीवर दोन एकर गहूं जेमतेम भिजतो, तिच्यावर चार एकर हरभरा सहज होतो. मात्र आपल्याच जिल्ह्यांत पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत, दर्यापूरकडे, विहिरींचें पाणीच खारें. तेथें हा हिशेब शेततळ्यांत सांठलेल्या पावसावर मांडावा लागतो. म्हणून वॉशिंग्टनच्या बँकेनें रक्कम द्यावी, पण शिवाराचा आंकडा शिवारांतूनच यावा.

तिसरी नोंद सामायिक मालाची. गटाचा ट्रॅक्टर कोणीं किती तास नेला, भाडें किती आलें, दुरुस्तीसाठीं किती राखून ठेवलें, ह्याची वही दरमहा वाचली पाहिजे. जेथें वही नाहीं, तेथें ट्रॅक्टर दोन हंगामांत एकाच्या वाड्यांत उभा राहतो व गट कागदावर उरतो.

परदेशचे अधिकारी बदलतात, मुदती संपतात. गांव तेथेंच राहतें. म्हणून येत्या खरिपापूर्वीं प्रत्येक ग्रामसभेंत ह्या तीन नोंदी मोठ्यानें वाचून घ्याव्या, आणि ज्यांच्या नांवावर जमीन नाहीं किंवा फेरफार अडला आहे, त्यांचीं नांवें त्याच बैठकींत वेगळीं लिहून काढावीं. भागीचा पहिला लाभ त्यांस मिळाला, तरच कर्ज सार्थकीं लागलें असें म्हणतां येईल.