नांदुऱ्यात समुद्र, काचेच्या टाकीत

नांदुरा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, म्हणून बोअरचं पाणी समुद्री माशांना चालेल असं कुणाला वाटलं तर ते चूक. या पाण्यातले क्षार वेगळे आणि समुद्राच्या मानाने फारच कमी. आरओचं पाणी घ्यावं आणि त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ (स्वयंपाकाचं नव्हे!) विरघळवावं.

खरी कसोटी उन्हाळ्याची. माशांना 25 ते 27 अंश मानवतात, इथला मे महिना चाळिशीपार. पंख्याचा वारा पाण्यावर सोडला की ते थोडं निवतं, पण बाष्पीभवन वाढतं. मीठ मात्र उडून जात नाही. त्यामुळे घटलेली पातळी गोड्या आरओ पाण्यानेच भरावी. तीव्र उन्हाळ्यात चिलर लागतोच.

क्लाउनफिश (जेमतेम 8 सेंमी), फायरफिश आणि बांगाई कार्डिनल हे गरीब स्वभावाचे. फायरफिश घाबरला की उडी मारतो. टाकीवर जाळी हवीच. निळा डॅमसेल दिसायला गोजिरवाणा, पण भांडकुदळ. क्लाउनफिश शक्यतो हॅचरीतला घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मंडपम केंद्राने त्याची पैदास साधली आहे. समुद्रघोडा आणि जिवंत प्रवाळ यांना मात्र वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.