सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा सिनेमा

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यावरचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता, असं तिथल्याच आमच्या जांबे गावात कुणालाही विचारा, उत्तर ‘मुळशी पॅटर्न’ असं येईल. मी ‘पोम पोको’ म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतो. कारण ‘पोम पोको’ हा १९९४ सालचा जपानी अ‍ॅनिमेशनपट आहे. त्यात मुळशी नाही, मराठी नाही, एकही खराखुरा नट नाही. टोकिओच्या पश्चिमेला तामा नावाच्या टेकड्या आहेत, त्या फोडून वसवलेल्या ‘तामा न्यू टाउन’ची ती गोष्ट आहे. ती सांगितली आहे त्या टेकड्यांवर राहणाऱ्या प्राण्यांच्या बाजूने.

मी तो पहिल्यांदा पाहिला एप्रिल २०२० मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल अशा तीन हप्त्यांत स्टुडिओ जिब्लीचे २१ चित्रपट नेटफ्लिक्सवर आले, त्यातल्या शेवटच्या हप्त्यात हा होता. लॉकडाऊन लागलेला, आठव्या मजल्यावरची आमची बाल्कनी आणि समोर अर्धी कापलेली टेकडी. जेसीबी जागच्या जागी उभे होते. आम्ही इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच दिवसाढवळ्या मोर ओरडलेला ऐकू येत होता. अशा वेळी पडद्यावर यंत्रं डोंगराचा माथा तासायला लागतात तेव्हा माणूस आधी पडद्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर. माझं तेच झालं. त्यानंतर हा सिनेमा मी किमान सहा वेळा पाहिला असेल, त्यामुळे पुढचं सगळं एका चाहत्याचं मत आहे, तटस्थ परीक्षण नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी या प्राण्याविषयी, म्हणजे तानुकीविषयी. तानुकीला इंग्रजी डबिंगमध्ये ‘रकून’ म्हटलंय, ते चूक आहे. हा कुत्र्या-कोल्ह्यांच्या कुळातला जपानी प्राणी. दिसायला आपलं उदमांजर आणि कोल्हा यांच्या मधला, गुबगुबीत, डोळ्यांभोवती काळे डाग. जपानी लोककथांत तानुकी रूप पालटतो, वाटसरूला भुलवतो, पोटावर ढोल वाजवतो. ‘पोम पोको’ हा त्या ढोलाचाच आवाज. आपल्याकडे रानात रस्ता चुकून माणूस रात्रभर एकाच ठिकाणी फिरत राहिला की ‘चकवा लागला’ म्हणतात ना, तो चकवा आळशी, खादाड आणि विनोदी असता तर तानुकी झाला असता. लोककथेत त्याचे अंडकोष प्रचंड मोठे असतात आणि ते सुबत्तेचं लक्षण मानतात. जपानमध्ये खानावळींच्या दाराशी तसले मातीचे पुतळेच ठेवलेले असतात. सिनेमातही तानुकी आपल्या अंडकोषांचं कधी जाजम करतात, कधी हवाई छत्री. इंग्रजी डबिंगवाल्यांनी लाजून त्याला ‘पोटाची पिशवी’ करून टाकलं. सासूबाईंबरोबर बघायला बसलात तर पहिली वीस मिनिटं अवघड जातील. नंतर त्याच जास्त हसतात, हा अनुभव आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. १९६०च्या दशकात तामाच्या डोंगरांवर शहराचा आराखडा पडतो. सुमारे ३,००० हेक्टरांचा हा प्रकल्प, पहिली कुटुंबं तिथे राहायला आली १९७१ मध्ये. रान आक्रसतं तसे तानुकी आधी आपापसांतच भांडतात, ही बारीक गोष्ट दिग्दर्शक ईसाओ ताकाहाता यांनी अचूक पकडली आहे. जमीन कमी झाली की पहिली मारामारी भावकीत होते! मग ओरोकू नावाची म्हातारी त्यांचे कान उपटते आणि पडक्या देवळात सभा भरते. एक पंचवार्षिक योजना ठरते: विसरलेली रूपांतराची विद्या पुन्हा शिकायची आणि टीव्ही आणून माणसांचा अभ्यास करायचा. टीव्ही येतो आणि निम्मे क्रांतिकारक त्याच्यासमोरच बसून राहतात. गोन्ता नावाचा जहाल गडी मालट्रकना अपघात घडवतो, माणसं मरतात. विजयसभेत मेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध राहायचं ठरतं आणि त्या स्तब्धतेत एकेकाला हसू फुटत जातं. मुलांचा सिनेमा म्हणून लावून बसलेल्या पालकांना हा प्रसंग पेलत नाही. मला मात्र तो संबंध सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो, कारण ताकाहाता आपल्या लाडक्या प्राण्यांनाही निष्पाप ठरवत नाहीत.

मग येते ती मिरवणूक. शिकोकू बेटावरून तीन जख्ख म्हातारे, रूपांतरविद्येचे गुरू, बोलावून आणले जातात आणि सगळे तानुकी जीव एकवटून एका रात्री नव्या वसाहतीच्या रस्त्यांवरून भुतांची वरात काढतात. सांगाडे, राक्षस, ड्रॅगन, एकडोळे, जपानी लोककथांतली झाडून सगळी भुतं. हे बघताना मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. अमावास्येला वेताळाची पालखी निघते, पुढे दिवट्या, मागे भुतावळीचा लवाजमा, वाटेत येईल त्याने तोंड फिरवून उभं राहायचं, हे कोकणात आणि मावळात ज्याने लहानपणी ऐकलंय त्याला हा प्रसंग घरचाच वाटेल. फरक एवढाच, की तामातले लोक घाबरत नाहीत. पोरं बाल्कनीत येऊन टाळ्या पिटतात. एका हातगाडीवर दोघे जण पीत बसलेत, त्यांच्या पाठीमागे प्रलय चाललाय आणि त्यांचं लक्षच नाही. जिब्लीप्रेमींसाठी या गर्दीत जिब्लीच्याच दुसऱ्या सिनेमांतले टोटोरो आणि किकी क्षणभर उडून जातात तेही पाहून ठेवा. एक गुरू त्या श्रमाने प्राण सोडतो. आणि दुसऱ्या दिवशी एका करमणूक उद्यानाचा मालक जाहीर करतो, की ती आमच्या जाहिरातीची मिरवणूक होती. बंड मोडण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मी तरी सिनेमात पाहिलेला नाही.

चित्रांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘कार्टून’ म्हणून हात झटकणाऱ्यांना ती माहीत नसते. या सिनेमात तानुकी एकाच पद्धतीने काढलेले नाहीत. माणूस बघत असेल तेव्हा ते चार पायांवरचे साधे प्राणी असतात, केसन्‌केस खरा. आपापसांत असले की दोन पायांवर, अंगात कपडे, ओठांवर वाद. आनंदाने बेभान झाले किंवा हरून ढासळले की गोल गोल, जुन्या व्यंगचित्रांसारखे, आणि ही शेवटची तऱ्हा शिगेरू सुगिउरा या चित्रकथाकाराला केलेला नमस्कार आहे. म्हणजे ‘बघतंय कोण’ त्यावर प्राण्याचं रूप ठरतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागे सीसीटीव्हीतलं एक धूसर चित्र आलं. कुणी बिबट्या म्हणालं, कुणी कुत्रा, कुणी ‘वनखात्याला फोन लावा’. गावठाणात ज्या आजींकडून आम्ही दूध घेतो त्यांना ते दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “कोल्हं हाय. आदी परड्यात यायची. जात्यात कुटं बिचारी?”

आता ‘मुळशी पॅटर्न’कडे. प्रवीण तरडे यांचा हा २०१८चा सिनेमा मला आवडतो. जमीन विकून आलेला पैसा गाडी-बंगल्यात उडतो, गुंठामंत्री तयार होतात, बाप स्वतः विकलेल्या जमिनीवर रखवालदार होतो आणि मुलगा गुन्हेगारीत जातो, ही साखळी त्याने मराठी प्रेक्षकाच्या तोंडावर मारली. पण ती गोष्ट ज्यांचं नाव सातबाऱ्यावर होतं त्यांची आहे. त्यांना निदान कुणी विचारलं, फसवलं, भाव दिला किंवा पाडला. ‘पोम पोको’ ज्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर कधी नव्हतं त्यांची गोष्ट सांगतो. व्यवहारात त्यांची सही लागत नाही, म्हणून ते व्यवहारात नाहीतच. हे दोन सिनेमे एकापाठोपाठ एक पाहिले तर मुळशीचं चित्र पुरं होतं, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय मुळशीला असं उठवलं जाणं नवं नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच तालुक्यात. गावं बुडाली, मुंबईला वीज गेली. त्या बुडालेल्या गावांवरून एक सिनेमा मनात येतो तोही मराठी नाही. चीनच्या जिया झांगकेचा ‘स्टिल लाइफ’, २००६ साली व्हेनिसला सुवर्णसिंह मिळवणारा. यांगत्सेवरच्या महाकाय धरणासाठी पाडल्या जाणाऱ्या शहरात एक खाणकामगार आपली बायको शोधत फिरतो. आशियाई सिनेमा म्हणजे मारामारी आणि भुताटकी असं समजणाऱ्यांनी तो पाहावा. संथ आहे, तक्रार करू नका.

इकडे हिंजवडीची हकिकत तर थेट ताकाहातांनी लिहावी अशी. जागा ठरली होती साखर कारखान्यासाठी, तिथे आलं आयटी पार्क आणि कारखाना गेला कासारसाईला, हे शरद पवारांनी स्वतः जाहीर भाषणांत सांगितलंय. त्यामुळे हिवाळ्यात आमच्या बाजूच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि कंपन्यांच्या बसेस एकमेकींना वाट देत नाहीत. त्या बसेसमध्ये कोण असतं? लातूरचा, नांदेडचा, साताऱ्याचा शेतकऱ्याचा मुलगा. गावाकडचा उतारा वडिलांच्या नावावर, इकडे वीस वर्षांचं कर्ज. ‘पोम पोको’च्या शेवटी ज्या तानुकींना रूप पालटता येतं ते माणसं होऊन शहरात शिरतात. नोकरी, लोकल, थकवा, ताकदीची पेयं. ज्यांना जमत नाही ते गोल्फच्या मैदानाकडेला, कचऱ्यावर. रात्री साडेनऊला आमच्या लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं भिंतीला टेकून उभी असतात, तेव्हा मला हटकून वाटतं, आत्ता यांच्यापैकी एखाद्याची शेपटी बाहेर येणार. आरशात मीही असतोच.

त्याआधीचा एक प्रसंग मात्र मी दर वेळी चुकवायचा प्रयत्न करतो. सगळं हरल्यावर उरलेसुरले तानुकी अखेरची ताकद लावून जुना डोंगर, जुनी शेतं, ओढे, खेळणारी पोरं परत उभी करतात. क्षणभरच. इमारतींतून माणसं बाहेर येऊन आपलं विसरलेलं गाव बघतात. आणि तो भास आहे हे माहीत असूनही खुद्द तानुकीच त्यात धावत सुटतात.

याच टेकड्यांवर पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, जिब्लीने आणखी एक सिनेमा केला. योशिफुमी कोंदो यांचा ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेली शाळकरी मुलगी, तिचं पहिलं प्रेम, तिची लिहिण्याची धडपड. डोंगर तासून झालेल्या काँक्रीटच्या रस्त्यांवर ती एक विडंबनगीत रचते. तिच्यासाठी तेच तिचं गाव. माझी मुलगी जांब्यात जन्मली, तिला अख्खी टेकडी कधी दिसलीच नाही. तिची बाजूही खोटी नाही, हे मला या दुसऱ्या सिनेमाने शिकवलं.

अ‍ॅनिमे आता पुण्यातही गर्दी खेचतं. २०१९ मध्ये चाहत्यांच्या सह्यांच्या अर्जामुळे ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागला, २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ला तरुण मुलं पहाटेच्या खेळांना गेली. छान आहे. पण तलवारी आणि ठिणग्यांपुढे यातल्या बहुतेकांची मजल जात नाही, आणि पन्नाशीचे आईबाप ‘ती जपानी कार्टुनं’ म्हणून नाक मुरडतात. विसरतात, की १९९३ मध्ये दर रविवारी दूरदर्शनसमोर ठाण मांडून त्यांनी जो मोगली पाहिला, ज्यात शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज होता, तो ‘जंगल बुक’ही जपानचाच होता.

पुन्हा आमच्या टेकड्यांकडे. शेजारच्या पुनावळ्यात वनखात्याच्या जागेवर कचरा डेपोचा प्रस्ताव होता. २०२३ मध्ये आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक, बहुतेक माझ्यासारखे बाहेरून आलेले, तिथली झाडं वाचवायला रस्त्यावर उतरले आणि प्रस्ताव बारगळला. ज्या टेकड्या कापून आमची घरं झाली त्यांच्या शेजारचं रान आम्हीच वाचवलं, याचा अभिमान बाळगावा की शरम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, सांगवडे, गहुंजे यांच्याबरोबर जांबे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याची चर्चाही कित्येक वर्षं सुरू आहे. त्या चर्चेत रस्ता, पाणी, कर, कचरा सगळं येतं, फक्त ते कोल्हं येत नाही.

‘पोम पोको’ एक तास एकोणसाठ मिनिटांचा आहे. जपानी आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं लावून पाहा. डबिंग नको. आणि शेवटी सगळं संपल्यासारखं वाटलं तरी रिमोटला हात लावू नका. पोनकिची नावाचा एक तानुकी थेट तुमच्याकडे वळून विचारणार आहे: आम्हाला आणि कोल्ह्यांना रूप तरी पालटता येतं, सशांनी आणि मुंगसांसारख्या बाकीच्यांनी काय करायचं?