हातांनी तगवलेला वारसा

परदेशवारीची यादी करताना वास्तू किती जुनी, किती भव्य, एवढंच आपण सहसा पाहतो. काही वास्तूंकडे मात्र आणखी एका कारणासाठी जावं. त्या माणसांनी कशा वाचवल्या, हे तिथं प्रत्यक्ष दिसतं. बांधणाऱ्या राजाचं नाव फलकावर असतंच. डागडुजी करणाऱ्यांचं काम मात्र नजर देऊन शोधावं लागतं. माझ्या मते खरा इतिहास तिथंच आहे.

सुरुवात इजिप्तच्या दक्षिण टोकाच्या अबू सिंबेलपासून करू. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेसनं इथं डोंगर कोरून दोन मंदिरं घडवली. थोरल्या मंदिराच्या दर्शनी भागात त्याचे सुमारे २० मीटर उंचीचे चार बैठे पुतळे आहेत. आस्वानच्या धरणात हे सारं बुडणार होतं. युनेस्कोनं १९६० मध्ये जगाला हाक दिली आणि १९६४ ते १९६८ या काळात दोन्ही मंदिरं कापून, हजाराहून अधिक ठोकळ्यांत सुटी करून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडली गेली. मागचा डोंगर कृत्रिम आहे. त्याच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे. प्राचीन काळी एका पुतळ्याचा वरचा भाग कोसळून पायाशी पडला होता. तो जागेवर चढवण्याचा मोह टाळून नव्या ठिकाणीही पायाशीच ठेवला. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात. चारपैकी तीन मूर्ती उजळतात; अंधाराशी नातं असलेला प्ताह देव सावलीतच राहतो. जागा बदलूनही हा योग साधला, याला निष्ठाच म्हणायला हवं.

बोस्नियातल्या मोस्तारचा दगडी कमानीचा पूल १५६६ चा. नेरेत्वा नदीवर तो सव्वाचारशे वर्षं उभा होता. युद्धात तोफांच्या माऱ्यानं ९ नोव्हेंबर १९९३ रोजी कोसळला. पुढं तिथल्याच दगडात, जुन्या पद्धतीनं तो पुन्हा बांधला आणि २००४ मध्ये खुला झाला. आज या पुलावरून नदीत सूर मारणारे तरुण पाहायला गर्दी जमते.

कंबोडियात अंगकोर वाटच्या जोडीनं ता प्रोम पाहाच. सातव्या जयवर्मननं ११८६ मध्ये उभारलेल्या या मंदिराला प्रचंड झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे. झाड काढावं तर भिंत ढासळते, वाढू द्यावं तर तीच मुळं दगड फोडतात. या पेचातून वाट काढण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वाटा मोठा आहे. अंगकोर वाटवरही १९८६ ते १९९३ या काळात त्यांनी काम केलं.

मालीतल्या जेन्नेची मशीद मातीची. सध्याची इमारत १९०७ ची. पावसानं झिजलेल्या भिंतींवर दरवर्षी गावकरी मिळून गिलावा चढवतात. भिंतीतून बाहेर आलेले ताडाचे दांडे म्हणजे कायमची परांचीच. सध्या तिथली सुरक्षा बिकट आहे. प्रवासाचा बेत तूर्त नकोच.

पेरूतला केस्वाचाका पूल तर गवताचा! आपुरिमाक नदीवरचा हा इंका परंपरेतला झुलता पूल दर जूनमध्ये नव्यानं विणला जातो. गवत ठेचून, भिजवून त्याच्या बारीक दोऱ्या वळतात, दोऱ्यांचे दोरखंड आणि दोरखंडांचे मांडीएवढे जाड सोल होतात. काठावरच्या गावांतले लोक एकत्र येऊन हे काम तीन-चार दिवसांत उरकतात. करोनामुळे २०२० मध्ये विणकाम चुकलं आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटला. गावकऱ्यांनी त्याच जूनमध्ये नवा विणला.

एक वर्ष हात थांबले आणि पूल गेला. जगातल्या प्रत्येक वास्तूचं हेच आहे, दगडाला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. तेव्हा पुढच्या सहलीत वाटाड्याला दोन प्रश्न आवर्जून विचारा: हे कुणी बांधलं, आणि आज कोण सांभाळतं? भिंतींवर नावं कोरू नका, कोरीवकामाला हात लावू नका, आणि तिकिटाचे पैसे देताना कुरकुर करू नका. डागडुजीला त्यांचाच आधार असतो.