गाडीच्या पोटाखालचा वारा

आपली स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजात स्वतः जोडायची, ही ब्रिटनमधली जुनी हौस आहे. कंपनी पाइपांची चासी, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, इंजिन, सस्पेंशन असं सगळं सुटं पाठवते आणि मालक पाने-पक्कड घेऊन ते जुळवत बसतो. या घराण्यातली सगळ्यांत नावाजलेली गाडी म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ साली आणली. सुट्या भागांवर तेव्हा तिथे खरेदी कर लागत नसे, त्यामुळे जोडून घेतलेली गाडी बरीच स्वस्त पडे. १९७३ साली तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि त्याच घडणीची गाडी आजही विकली जाते. वजन पाचशे किलोच्या आसपास. २०२१ साली आलेल्या केटरहॅम १७० चं तर अवघं ४४० किलो.

अशा गाडीला मागे डिफ्यूजर बसवायचा मोह अनेकांना होतो. मागच्या बंपरच्या जागी खालून वर चढत गेलेला, उभ्या पट्ट्यांनी कप्पे पाडलेला तो पत्रा शर्यतीच्या गाडीची आठवण करून देतो. पण तो नुसता मागे अडकवून फारसं काही साधत नाही. गाडीच्या संपूर्ण तळाचा तो शेवटचा भाग आहे आणि तळच नसेल तर त्याला करायला काम उरत नाही.

दोन कागद उभे समोरासमोर धरून मधल्या फटीत फुंकर मारली, तर ते दूर न जाता जवळ येतात. फटीतल्या धावत्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. वेग आणि दाब यांचं हे नातं डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली मांडलं. धावत्या गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यामध्येही अशीच फट असते. अरुंद जागेत हवा वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि वरची हवा गाडीला खाली दाबते. अडचण पुढे येते. गाडीच्या मागे हवेला पुन्हा सभोवतालच्या दाबाच्या जवळपास यायचंच असतं. तिला हळूहळू रुंद होत जाणारी वाट मिळाली, तर ती शांतपणे मंदावते, दाब भरून काढते आणि त्या बदल्यात वाटेच्या तोंडाशी दाब आणखी खाली जाऊ शकतो. ही रुंद होणारी वाट म्हणजे डिफ्यूजर. सगळ्यांत जास्त ओढ चढ सुरू होतो त्या कोपऱ्यापाशी असते, दिसायला देखण्या मागच्या टोकापाशी नव्हे.

या शास्त्राचा मोटार शर्यतीतला मोठा शोधही चॅपमन यांच्याच कंपनीत लागला, हे मला फार विलक्षण वाटतं. सेव्हनचं पोट तर उघडंच होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या वायुबोगद्यात लोटसचे पीटर राइट आणि त्यांचे सहकारी गाडीची लहान प्रतिकृती तपासत होते. खाली रस्त्यासारखा सरकता पट्टा होता. आकडे काही केल्या स्थिर येईनात. नीट पाहिलं तर वेग वाढला की प्रतिकृतीच्या बाजूचे भाग पट्ट्याकडे ओढले जात होते. मग कडांची फट पुठ्ठ्याने जवळजवळ बंद केली आणि खाली दाबणारा जोर एकदम वाढला. त्यातून १९७७ ची फॉर्म्युला वन गाडी लोटस ७८ आली, आणि १९७८ साली लोटस ७९ ने मारिओ आंद्रेत्ती यांना विश्वविजेतेपद मिळवून दिलं. या गाड्या वळणांवर इतक्या वेगाने जाऊ लागल्या, की १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये चाकांमधला तळ सपाट ठेवणं सक्तीचं झालं. चढाला जागा उरली ती मागच्या चाकांपाशी. डिफ्यूजर म्हणजे शेपटाकडची वस्तू, ही समजूत बहुधा तिथूनच रुजली असावी.

आता सेव्हनच्या खाली वाकून पाहा. पुढे इंजिनाचं चेंबर लोंबतंय, त्याभोवती सगळं उघडं. बसायच्या जागेखाली तेवढा सपाट पत्रा. त्यामागे डिफरन्शियल, अ‍ॅक्सल, पेट्रोलची टाकी, पुन्हा सगळं उघडं. हवा इतक्या ठिकाणी अडखळून मागे पोहोचते की तोवर तिच्यातला जोर भोवऱ्यांत विरून गेलेला असतो. म्हणून काम पुढून सुरू करावं लागतं: आधी इंजिनाखाली पत्रा, मग टाकीपर्यंत सलग तळ, आणि शेवटी चढ. ऑइल बदलायला चेंबरच्या बोल्टपर्यंत हात जाईल अशी खिडकी हवी, सायलेन्सरच्या आचेपासून अंतर हवं, आणि सस्पेंशन पूर्ण दबलं तरी अ‍ॅक्सल पत्र्याला लागता कामा नये. पत्रा चासीलाच घट्ट धरलेला हवा. तो बॉडीच्या पातळ पत्र्याला अडकवला, तर जोर चाकांपर्यंत पोहोचायच्या आधी बॉडीच थरथरू लागते.

चढ किती ठेवायचा? साध्या, घरगुती कामात ७ अंशांच्या आसपास राहणं शहाणपणाचं. अर्धा मीटर लांबीवर ७ अंशांचा चढ म्हणजे फक्त ६ सेंटिमीटर. १० अंशांचा जवळपास ९. दुकानातल्या कित्येक तयार डिफ्यूजरचा चढ याहून खूप जास्त असतो. चढ अति झाला की हवा पत्र्याला धरून राहत नाही, सुटते, आणि ओढ नाहीशी होते. उभ्या पट्ट्या चाकांकडची गढूळ हवा बाजूला ठेवतात. मात्र चुकलेला कोन त्या सावरू शकत नाहीत.

फायदा किती, याचा अंदाज कागदावर बांधता येतो. तळ २ चौरस मीटर धरू आणि त्याखालचा दाब, समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या गतिज दाबाच्या सरासरी एक दशांशाने घटला असं मानू. ताशी १६० किलोमीटरला सुमारे २४ किलोंचा जोर मिळतो. वेग निम्मा केला की जोर पावपट होतो, म्हणून ८० ला उरतात ६ किलो. दीड टनाच्या गाडीला २४ किलो म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर. चालकासह सहाशे किलोच्या सेव्हनला तेच ४ टक्के, आणि टायरची पकड त्या प्रमाणात वाढते. शर्यतीच्या ट्रॅकवर, वेगवान वळणावर एवढं लक्षात येतं. शहरातल्या रस्त्यावर काहीच जाणवणार नाही.

हलक्या गाडीला धोकाही याच हिशेबाने जास्त. चढाचा कोपरा मागच्या अ‍ॅक्सलजवळ असला, की बराचसा जोर मागच्या चाकांवर पडतो. सेव्हनचं नाक मात्र वेगात हलकं होतं. मागची पकड वाढून पुढची तशीच राहिली, तर वेगवान वळणात स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ धावू पाहते. मागचा पत्रा बसवायच्या आधी पुढची उचल कमी करण्याचा विचार व्हायला हवा, असं मला आग्रहाने सांगायचं आहे.

पत्रा बसवल्यावर तो काम करतोय की नाही, हे पाहायला वायुबोगदा लागत नाही. चढावर लोकरीचे आखूड धागे चिकटवायचे, खाली छोटा कॅमेरा लावायचा आणि बंदिस्त ट्रॅकवर गाडी पळवायची. धागे मागच्या दिशेला सपाट पडून राहिले तर हवा पत्र्याला धरून आहे. ते सैरभैर फिरू लागले, उलटे वळले, तर कोन कमी करायचा. गाडी किती खाली बसली हे मोजायचं असेल तर सस्पेंशनच्या हालचालीचं माप नाजूक लागतं. मागच्या प्रत्येक चाकापाशी दर मिलिमीटरला २५ न्यूटन एवढा ताठपणा असेल, तर ते २४ किलो सगळेच्या सगळे मागे पडले तरी गाडी जेमतेम ५ मिलिमीटर दबेल.