अपुरी ठेवलेली दगडांची रास

ऑगस्ट १९८६, सडबरी, कॅनडा. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने मूळनिवासींची माफी मागितली. शुभवर्तमान सांगताना आम्ही तुमची श्रद्धा समजून घेतली नाही, पाश्चात्त्य चालीरीती मात्र लादल्या, अशी ती कबुली होती.

मूळनिवासी ज्येष्ठांनी ती ऐकून घेतली, स्वीकारली नाही. १९८८ मध्ये मूळनिवासी सभासदांच्या परिषदेने तिची फक्त दखल घेतली आणि ती मनापासूनची असावी, अशी आशा व्यक्त केली. माफीची आठवण म्हणून सडबरीत रचलेली दगडांची रास मुद्दाम अपुरी ठेवण्यात आली. या साऱ्या घटनेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: क्षमा करायची की नाही, आणि कधी, हे दुखावलेल्यांच्याच हाती राहिलं. दुखावलेल्यांच्या सेवेची सुरुवात इथून व्हायला हवी.

१९९४ मध्ये चर्चने ‘हीलिंग फंड’ उभारला. मूळनिवासी समाजांनी स्वतः आखलेल्या, जखमा भरून काढणाऱ्या उपक्रमांना त्यातून मदत मिळू लागली. पण आईबापांपासून तोडून चर्चच्या निवासी शाळांत ठेवलेल्या मूळनिवासी मुलांचा उल्लेख पहिल्या माफीत नव्हताच. त्यांची वेगळी माफी मागायला १९९८ साल उजाडलं.