हरण्याचा सराव

कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने १९९५ ते २०२५ या काळात अमेरिकेचे कॉलेज विजेतेपद १२ वेळा जिंकले. महिलांच्या या स्पर्धेत दुसऱ्या कोणत्याही संघाला हा आकडा गाठता आलेला नाही. ‘यूकॉन’ या आखूड नावाने ओळखला जाणारा हा संघ नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१७ या काळात तर सलग १११ सामने जिंकला होता. अशा संघाची हंगामपूर्व तयारी जवळून पाहिली की एक उलटी गोष्ट दिसते. सामन्यांत क्वचित हरणाऱ्या याच मुली सरावात वारंवार हरतात आणि ते हरणे प्रशिक्षकांनी ठरवून घडवून आणलेले असते.

विद्यापीठ आहे स्टॉर्स या लहानशा गावात. १८८१ साली स्टॉर्स आडनावाच्या दोन भावांच्या देणगीतून तिथे शेतकी शाळा निघाली, तिचेच पुढे विद्यापीठ झाले. बास्केटबॉलचे जन्मगाव स्प्रिंगफील्ड तिथून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ बसवला आणि पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. मात्र मुलींना फार दमणूक नको, म्हणून तिने कोर्टाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग सोडून पळायचे नाही असा नियम केला. या काळजीचा पगडा पुढे कितीतरी दशके टिकला. पाच-पाच खेळाडूंनी पूर्ण कोर्टावर खेळण्याची मोकळीक अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना थेट १९७१ मध्ये मिळाली. पुढच्या वर्षी शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेद करण्यास बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि यूकॉनचा महिला संघ १९७४ मध्ये उभा राहिला.

पहिल्या दहा-अकरा वर्षांत या संघाच्या नावावर विजय जास्त आणि पराभव कमी असा एकच हंगाम होता. १९८५ मध्ये जीनो ऑरिएमा मुख्य प्रशिक्षक झाले. इटलीतल्या माँतेल्ला गावात जन्मलेला आणि लहानपणी आईवडिलांबरोबर पेनसिल्व्हेनियात आलेला हा माणूस तेव्हा तिशीच्या आसपास होता. त्यांच्याबरोबर सहायक म्हणून ख्रिस डेली आल्या. त्या स्वतः रटगर्स विद्यापीठाच्या १९८२ च्या विजेत्या संघातून खेळलेल्या. पहिल्या हंगामात १२ विजय आणि १५ पराभव झाले. दोघांच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकमेव हंगाम. दोघांनी चार दशके एकाच संघाबरोबर घालवली, ही गोष्ट आजच्या क्रीडाजगतात दुर्मीळ आहे. सरावाची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली ती मुख्यतः त्यामुळेच.

हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि राष्ट्रीय अंतिम सामना एप्रिलच्या सुरुवातीला होतो. एका हंगामाच्या शेवटापासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत किती सराव करायचा, हे एनसीएए ही राष्ट्रीय क्रीडासंघटना ठरवते. उन्हाळ्याच्या सुटीत आठ आठवडे, आठवड्याला आठ तास. ऑगस्टअखेर वर्ग भरल्यावर पुन्हा आठवड्याला आठ तास. पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधीपासून पूर्ण सराव करता येतो, पण त्या ४२ पैकी ३० दिवसच. तेव्हा आठवड्याला २० आणि दिवसाला चार तासांची मर्यादा असते आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी द्यावी लागते. या मुली विद्यार्थिनी आहेत, त्यांना वर्गात बसायचे आहे, परीक्षा द्यायच्या आहेत, हे या नियमांमागचे कारण. ते योग्यच आहे. प्रशिक्षकांच्या हातात वेळ मोजका राहतो, त्यामुळे सरावाचे प्रत्येक मिनिट आधी कागदावर मांडावे लागते.

जूनमध्ये नव्या मुली दाखल होतात. पहिले काही आठवडे चेंडूपेक्षा वजने उचलणे, उड्या आणि धावणे यांवर भर असतो. शाळेतली उत्तम खेळाडूही कॉलेजच्या धक्काबुक्कीला तयार नसते. तीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू फेकायचा, लगेच वळून बचावाला पळायचे आणि हे दहा-दहा मिनिटांच्या चार डावांत करत राहायचे, यासाठी पाय आणि छाती वेगळीच लागते. पण उन्हाळ्यातल्या कामाचे खरे मोल गुडघ्यात आहे. मांडीचे आणि नडगीचे हाड जागच्या जागी धरून ठेवणारी एक चिवट दोरी गुडघ्याच्या आत असते. तिला खेळाडू आणि डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. उडी मारून खाली येताना किंवा वेगात दिशा बदलताना गुडघा आत वळला, तर कोणाचा धक्काही न लागता ती तुटते. सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये हे दुखणे दोन ते आठ पटींनी अधिक आढळते. कटीची रुंदी, मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या मानाने मागचे स्नायू कमी जोरकस असणे, खाली येताना पाय ताठ ठेवण्याची सवय अशी त्याची अनेक कारणे सांगितली जातात. हाडांची ठेवण बदलता येत नाही, सवय मात्र बदलते. म्हणून मुलींना उडी मारायला जितके शिकवतात, तितकेच उतरायलाही शिकवावे लागते: गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, दोन्ही पायांवर भार घेऊन. एका पायावर तोल सांभाळणे, मागच्या स्नायूंना ताकद देणे, अचानक थांबणे हे सगळे आठवड्यातून अनेकदा घोटून घ्यावे लागते. असे व्यायाम नियमित केले तर दुखापतींचे प्रमाण घटते, हे अभ्यासांनी दाखवले आहे. कोणत्याही डावपेचापेक्षा हे काम महत्त्वाचे आहे.

त्याची किंमत यूकॉनला चांगलीच ठाऊक आहे. संघाची सर्वांत गुणी खेळाडू पेज बेकर्स हिच्या डाव्या गुडघ्याची एसीएल ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे हंगामपूर्व काळातच, एका साध्या आपापसातल्या सामन्यात तुटली आणि तिचे अख्खे वर्ष गेले. ऑक्टोबरमध्ये आणखी एका नव्या मुलीची गुडघ्याची वाटी सरकली. तिचाही तो हंगाम बाहेर बसूनच गेला. जानेवारी २०२३ मध्ये अशी वेळ आली की, खेळण्याजोग्या सात शिष्यवृत्तीधारक मुलीही उरल्या नाहीत आणि डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारीत संघ लागोपाठ दोन सामने हरला. मार्च १९९३ नंतर असे प्रथमच घडत होते. पुढचा हंगाम नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच अ‍ॅझी फड हिची एसीएल सरावात तुटली. अशा दुखापतीतून परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. गुडघा भरून आला तरी उडी मारताना मनात बसलेली भीती जायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे एकीकडे पूर्ण संघ सराव करत असताना दुसऱ्या कडेला दोन-तीन मुली रबरी पट्टे बांधून एकट्या पावले टाकत आहेत, हे दृश्य या संघाच्या उन्हाळ्यात नेहमीचे झाले.

संघात कोण असणार, हा प्रश्नही आता उन्हाळ्यातच सुटतो. पूर्वी शाळेतून आलेली मुलगी चार वर्षे एकाच विद्यापीठात खेळे. २०२१ पासून विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीपासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. त्यामुळे दर वसंतात शेकडो मुली संघ बदलतात. यूकॉनने या बाजारात फारशी धावाधाव केली नाही. आपल्याकडे घडलेल्या मुलींवर विसंबून राहायचे आणि एखादी नेमकी उणीव भरून काढण्यापुरतेच बाहेर पाहायचे, असे धोरण दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनहून आलेली केटलिन चेन हे त्याचे चांगले उदाहरण. प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये खेळते, तिथे पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांना खेळता येत नाही. चेनकडे खेळण्याचे एक वर्ष शिल्लक होते आणि यूकॉनला चेंडू सांभाळून नेणारी अनुभवी पॉइंट गार्ड हवी होती.

सप्टेंबरच्या शेवटी पूर्ण सराव सुरू होतो, तेव्हा कोर्टावर मुलगेही दिसतात. विद्यापीठातलेच हे विद्यार्थी. शाळेत चांगले खेळलेले, पण पुरुषांच्या संघात जागा न मिळालेले. त्यांना पैसे मिळत नाहीत, शिष्यवृत्ती मिळत नाही, सामन्यात खेळायला मिळत नाही. आपले वर्ग सांभाळून ते रोज येतात आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका करतात. ते उंच असतात, त्यांची उडी जास्त असते, हात लांब पोहोचतात. मुलींच्या सामन्यात जो पास सहज निघेल, तो इथे अडवला जातो. त्यातही ऑरिएमा पाच मुलींसमोर कधी सहा, कधी सात, तर कधी आठ मुलगे उभे करतात. आठ जणांच्या बचावातून पाच जणींनी वाट काढायची म्हणजे एकटीच्या कौशल्याला वावच राहत नाही. चेंडू हातात धरून विचार करत बसले की तो गेलाच. त्यामुळे चेंडू हातात येण्याआधीच पुढचा पास ठरलेला असावा लागतो आणि ज्यांच्याकडे चेंडू नाही, त्या चौघींनी सतत जागा बदलत राहावे लागते. यूकॉनच्या खेळाची ओळख असलेले झटपट पास आणि बचाव करणारीच्या पाठीमागून बास्केटकडे घेतलेली धाव ही याच अडचणीतून घडली आहे. सामन्यात समोर पाचच जणी असतात, त्याही आपल्याच उंचीच्या. तेव्हा कोर्ट एकदम मोकळे वाटू लागते.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. २००६ मध्ये एनसीएएच्या महिला क्रीडाविषयक समितीने मुलग्यांबरोबरचा सराव बंद करावा, अशी भूमिका मांडली. बाकावरच्या मुलींच्या वाट्याचा सराव मुलगे खातात आणि मुलींसाठी मोठ्या कष्टाने मिळवलेली जागा त्यामुळे आकसते, असा तिचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. संघातल्या अकराव्या-बाराव्या मुलीला सरावातही कडेला उभे राहावे लागत असेल, तर तिने कॉलेजात येऊन काय मिळवले, हा प्रश्न रास्तच आहे. पण महिला संघांचे बहुतेक प्रशिक्षक आणि खेळाडू बंदीच्या विरोधात गेले आणि सर्वोच्च श्रेणीत ती लागू झाली नाही. दुखापतींनी ग्रासलेल्या संघाला मुलग्यांवाचून दहा जणींचा सरावच उभा करता आला नसता, हेही यूकॉनच्या त्या दोन वर्षांनी दाखवून दिले. मुलगे असावेत, मात्र राखीव मुलींच्या जागी नव्हे, हाच यावरचा न्याय्य तोडगा दिसतो.

ऑक्टोबरमध्ये ‘फर्स्ट नाइट’ हा सोहळा होतो. विद्यापीठाच्या गॅम्पेल पॅव्हिलियनमध्ये महिला आणि पुरुष असे दोन्ही संघ चाहत्यांसमोर येतात. त्यानंतर एखादा मैत्रीपूर्ण सामना, बहुधा खालच्या श्रेणीच्या विद्यापीठाशी. त्याचा निकाल कुठेही मोजला जात नाही. दिवे, गणवेश, पंच आणि गर्दी यांची नव्या मुलींना सवय व्हावी, एवढाच त्याचा उपयोग.

खरी कसोटी वेळापत्रकात दडलेली असते. यूकॉन २०२० पासून पुन्हा बिग ईस्ट या लीगमध्ये आहे. या लीगमधले बहुतेक सामने तो मोठ्या फरकाने जिंकतो. अशा विजयांवर विसंबलेला संघ मार्चमध्ये, ६८ संघांच्या बाद फेरीत, पहिल्याच अटीतटीच्या सामन्यात गडबडू शकतो. म्हणून लीगबाहेरचे सामने मुद्दाम अवघड घेतले जातात: साउथ कॅरोलायना, नोटर डेम, टेनेसी, सदर्न कॅलिफोर्निया. सरावात जे आठ मुलगे करतात, तेच काम वेळापत्रकात हे संघ करतात. १११ विजयांची मालिकासुद्धा अशाच एका पराभवानंतर सुरू झाली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, स्टॅनफर्डने यूकॉनला जादा वेळेत ८८-८६ असे हरवले होते.

२०२४-२५ चा हंगाम या साऱ्या तयारीचा ताळा ठरला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी ऑरिएमांचा १,२१७ वा विजय झाला आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक विजयांचा विक्रम त्यांच्या नावावर लागला. पण डिसेंबरमध्ये संघ नोटर डेमकडून आणि सदर्न कॅलिफोर्नियाकडून हरला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला टेनेसीकडूनही. त्या पराभवानंतर दहाच दिवसांनी त्याने साउथ कॅरोलायनाला तिच्याच मैदानावर ८७-५८ असे हरवले. साउथ कॅरोलायना तिथे सलग ७१ सामने हरली नव्हती. ६ एप्रिल २०२५ रोजी टँपा इथे अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि यूकॉनने तो ८२-५९ असा जिंकला. फड हिने २४ गुण मिळवले आणि ती अंतिम टप्प्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पहिल्याच वर्षाला असलेल्या सारा स्ट्राँगनेही २४ गुण केले आणि १५ रिबाउंड घेतले. हे विजेतेपद नऊ वर्षांनी आले होते. जून उजाडला तेव्हा बेकर्स डॅलस विंग्ज या व्यावसायिक संघातून खेळत होती आणि स्टॉर्समध्ये उन्हाळी सरावाचे आठ आठवडे पुन्हा सुरू झाले होते.