नवा सर्व्हर, जुनं सॉफ्टवेअर

परवा मानवतच्या मोंढ्यातून फोन. आडतीवर नवा सर्व्हर बसवला अन् जुनं सॉफ्टवेअर डेटाबेस उघडेना. दारात सोयाबीनची पोती, पट्टीसाठी शेतकरी ताटकळलेले.

सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक 6 मधलं, डेटा अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलीत. बसवणाऱ्या पोरानं डेटाबेस जोडायचं ओडीबीसी उघडलं, तर ड्रायव्हरच्या यादीत अ‍ॅक्सेसचं नावच नाही!

गोम इथंच आहे. 64 बिट विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन वेगळ्या खिडक्या असतात. जुना प्रोग्राम 32 बिट. त्याला 64 बिटच्या खिडकीत केलेला सिस्टिम डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, चालत नाही.

आणि नावांचा घोळ बघा: 'सिस्टिम32' फोल्डरमधली खिडकी 64 बिटची, 'सिसवॉव64' मधली 32 बिटची. दोन्हीकडं फाइलीचं नाव एकच, ओडीबीसीएडी32. नवख्याची फजिती ठरलेली.

आधी एमडीबीची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली. मग सिसवॉव64 मधून 32 बिटची खिडकी उघडून डीएसएन केला, नाव अगदी जुनंच, स्पेलिंगसकट. पहिली पट्टी छापली, तेव्हा कुठं चहा आला.

तुमचंही असं काही अडलं असेल तर एररचा फोटो कमेंटमध्ये टाका. पासवर्ड तेवढा झाका, बरं का.